ठहरोजींचा एक सेकंद

ठहरोजींना काहीही विचारलं की ते आधी उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. मग ते बोट सावकाश खाली यायचं, टेबलाला टेकायचं आणि त्यानंतर उत्तर मिळायचं. प्रश्न कुठलाही असो. साहेब चहा घेणार का, पंखा वाढवू का, आज वार कोणता, सगळ्यांना वेळ तेवढाच. नव्या माणसाला वाटायचं, यांना कमी ऐकू येतं. थोड्या जुन्या माणसाला वाटायचं, यांना नाही म्हणायचंय पण जीभ रेटत नाही. चहाचं तर असं व्हायचं की ते हो म्हणेपर्यंत कँटीनवाला पुढच्या टेबलावर गेलेला असायचा, आणि तो परत येऊन कप ठेवीपर्यंत चहा निवलेला असायचा. त्यांना गरम चहा पिताना मी कधी पाहिलं नाही.

ते इंदूरच्या ट्रंक एक्सचेंजमधले आमचे सुपरवायझर. त्या काळी दुसऱ्या गावाशी बोलायचं तर आधी कॉल नोंदवावा लागे. मग आमच्यासारख्या मुली बोर्डासमोर बसून, कानाला हेडफोन लावून, या भोकातली कॉर्ड त्या भोकात खोचून तो जोडून देत. मी तिथे तीस वर्षं काढली. त्यातली बहुतेक वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कानातून गेलं. त्याचाच परिणाम असेल, आता घरात नातवंडं एकदम बोलायला लागली की मला उठून गॅलरीत जावंसं वाटतं. खरं तर लिहायचाही कंटाळा येतो. पण या माणसाबद्दलची एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यापासून स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे लिहिणं.

मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. आमचं घर बडा गणपतीजवळ. पणजोबा संस्थानच्या पागेत, आजोबा संस्थानच्या कचेरीत आणि वडील नव्या राज्याच्या कचेरीत. मध्य प्रदेश होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती, तरी वडील पाकिटावर स्वतःचा पत्ता लिहिताना ‘मध्य भारत’ असंच लिहीत, आणि पोस्टमनही बिनतक्रार पत्र आणून देई. अशा घरातली मुलगी टेलिफोनवर बसणार म्हणजे काहीतरी कमीपणा, अशी कुरकुर झालीच. ती मी एका कानानं ऐकली. पुढे तोच कान पोटापाण्याला उपयोगी पडला.

लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला मावसबहिणीच्या लग्नासाठी दोन दिवसांची सुट्टी हवी होती. मी ठहरोजींच्या टेबलासमोर उभी राहिले आणि विचारलं. बोट वर गेलं. बोट खाली यायच्या आत मी म्हणाले की राहू दे साहेब, तसं काही फार जरुरी नाही, आणि वळून चालायला लागले. दारापाशी पोचले तेव्हा मागून शांतपणे आवाज आला, ‘मंजूर आहे. पण तुम्हीच नको म्हणालात, आता मी काय करू?’ मग हसले आणि म्हणाले, ‘ठहरना सीखो, शैलाबाई. उत्तर निघालेलं असतं. पोचायचं बाकी असतं.’

‘ठहरो’ हा त्यांचा दिवसातून शंभर वेळा तोंडात येणारा शब्द. त्यावरून मुलींनी त्यांचं नाव पाडलं, आणि इंदूरला कुणाचंही नाव ‘जी’ लावल्याशिवाय संपत नाही म्हणून ते ठहरोजी झाले. त्यांच्या तोंडावर आम्ही साहेब म्हणायचो. पण त्यांना हे नाव ठाऊक होतं. एकदा नव्या मुलीनं घाईत फोनवर ‘ठहरोजींना देते’ असं म्हणून रिसीव्हर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी बोट वर केलं, खाली आणलं आणि फोनवर म्हणाले, ‘हां, ठहरोजी बोल रहा हूं.’

ही थांबायची सवय त्यांना आफ्रिकेत लागली. खात्यानं त्यांना तीन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. तिथल्या निरनिराळ्या देशांची टेलिफोन खाती उपग्रहानं एकमेकांना जोडायचं काम चाललं होतं आणि त्याला माणसं हवी होती. तिकडची गंमत ते नकाशा काढून सांगत. दोन देश शेजारी, मधे एक नदी, या तीरावरून त्या तीरावरची गुरं दिसतात. पण फोन करायचा तर तो आधी समुद्र ओलांडून युरोपात जाणार, तिथला ऑपरेटर जोडून देणार, आणि मग परत नदीच्या पलीकडे येणार. साहेबलोक निघून गेले पण तारा त्यांच्याच घराकडे जाणाऱ्या राहिल्या, असं ते म्हणत. आम्हाला समजावं म्हणून त्यांनी हिशेब सोपा करून सांगितला होता. इथल्याच अन्नपूर्णा वस्तीत राहणाऱ्या माणसाला इथल्याच सियागंज बाजारातल्या दुकानात बोलायचंय आणि फोन जातोय मुंबईवरून.

तर हे बदलायला प्रत्येक देशात मोठमोठ्या तबकड्या बसवत होते. आवाज तबकडीतून थेट वर उपग्रहाकडे, तिथून खाली शेजारच्या देशात. कुणाच्या दारात जायला नको. ठहरोजी त्या तबकड्यांपाशी बसून दिवसभर एका देशातल्या ऑपरेटरची दुसऱ्या देशातल्या ऑपरेटरशी गाठ घालून देत. पण उपग्रह फार उंच. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि समोरच्याचं उत्तर यायला आणखी पाव. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटतं. पण दोन माणसं बोलत असली की तेवढ्यात सगळं बिनसतं. हा गप्प राहिला म्हणून तो पुन्हा बोलतो, तोवर पहिलं उत्तर येतं, दोघं एकदम थांबतात, दोघं एकदम सुरू होतात. तीन वर्षं लोकांना थांबायला शिकवता शिकवता ते स्वतःच कायमचे थांबले. बोट वर, म्हणजे आवाज वर गेला. बोट खाली, म्हणजे आवाज पोचला. मग बोलायचं.

ते परत आले आणि थोड्याच वर्षांत इंदूरच्या बाहेर आमचीही एक तबकडी उभी राहिली. मग बोर्डावर दोन प्रकारच्या लाइनी झाल्या. जमिनीवरून जाणारी ती नीचेवाली आणि उपग्रहावरून जाणारी ती ऊपरवाली. सियागंजातले व्यापारी ऊपरवालीवर फार वैतागायचे. एका हार्डवेअरच्या सेठजींचा आसामातल्या आडत्याशी कॉल लागला होता. सेठजींनी विचारलं, ट्रक निघाला का. तिकडून लगेच उत्तर आलं नाही. सेठजी उखडले, चुप क्यूं हो गया, म्हणजे निघालाच नाही. तेवढ्यात तिकडचा हो पोचला, पण सेठजी ओरडत होते, त्यांनी तो ऐकलाच नाही. तिकडच्याला वाटलं, हो सांगितलं तरी शिव्या देतोय. दोघांचं वीस वर्षांचं नातं तुटायची वेळ आली. ठहरोजी दुसऱ्या दिवशी स्वतः सियागंजात त्यांच्या गादीवर जाऊन बसले आणि बोट वर-खाली करून अर्धा तास त्यांना शिकवून आले. त्यानंतर सेठजी फोनवर बोलताना बोट वर करायचे, असं त्यांचे नोकर सांगत.

आमच्या बोर्डाच्या वर पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलेले दोन नियम होते, ठहरोजींच्या अक्षरात. पहिला, कुठलाही कॉल दोनदा वर पाठवायचा नाही. परदेशाचे कॉल मुंबईहून उपग्रहावर जात. तेव्हा इंदूर ते मुंबई ते जमिनीवरूनच गेले पाहिजेत. इथूनही ऊपरवाली लावली तर अर्ध्याचा एक सेकंद होतो, आणि एक सेकंद माणूस सहन करत नाही, असं ते म्हणत. दुसरा नियम, माणसं बोलत असताना ऑपरेटरनं मध्ये बोलायचं नाही. आवाज नीट जातोय ना हे बघायला आम्हाला अधूनमधून स्विच उघडून ऐकावं लागे. तेवढं ऐकायचं आणि बंद करायचं. ‘आपण भिंत आहोत,’ ते सांगत, ‘भिंतीनं बोलू नये.’ नवी मुलगी मध्ये बोलली तर तिला बोर्डावरून उठवत. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण एवढ्याबाबतीत कडक.

घरी मात्र त्यांच्या थांबण्याचं कुणाला कौतुक नव्हतं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तडफदार बाई. स्वयंपाकघरातून प्रश्न विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच देऊन टाकायच्या. अन्नपूर्णेला त्यांचं क्वार्टर होतं. हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी आम्हा मुलींना त्या जेवायला बोलवत. तिथे मी एकदा पाहिलं. काकूंनी विचारलं, ‘भाजी चांगली झाली ना?’ बोट वर. काकूंनी त्यांच्या पुढ्यातली वाटी उचलली आणि आम्हाला म्हणाल्या, ‘बघितलंत? चांगली असती तर पटकन नसते बोलले? यांच्या घराण्यात चुप बसले की समजायचं, नाही.’ ठहरोजी रिकाम्या हातानं वाटीच्या जागेकडे बघत राहिले. आम्ही पोट धरून हसलो. आज हसू येत नाही.

त्यांचा एकुलता मुलगा अविनाश. अवि इंजिनियर झाला आणि वडलांच्या पावलावर पाऊल ठेवून त्याच आफ्रिकेतल्या कामावर गेला. दोन वर्षांचा करार होता. तोपर्यंत त्या जाळ्यात बरेच देश आले होते आणि त्यांना शिकलेली माणसं हवी होती. करार संपत आला तशी त्यांनी अविला आणखी चार वर्षं मागितली. अविनं पत्र लिहिलं. ठहरोजींनी ते मला वाचायला दिलं होतं, कारण फोन कधी लावायचा ते त्यात होतं. त्यानं लिहिलं होतं की शनिवारी दुपारी ऑफिसात फोन करा, त्या दिवशी मला हो की नाही सांगायचंय. इथे काम चांगलं आहे. पण आई ये म्हणाली तर मी येतो. 

काकूंना तो यायलाच हवा होता. त्यांनी खोली झाडून, गादीला नवा अभ्रा घालून ठेवला होता. पण मुलाला ये म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आपण ये म्हणायचं आणि त्यानं बळेबळे यायचं, असं येणं त्यांना नको होतं. त्यानं आपणहून म्हणायला हवं. आणि अविला हवं होतं की आईनं म्हणावं. अशी ही मायलेकरं.

त्या शनिवारी सकाळीच मुंबईची नीचेवाली लाइन बसली. कुठेतरी खोदकामात केबल तुटली असावी. दुपारचे दोन वाजले, तीन वाजले. माझ्या बोर्डावर अविचा कॉल नोंदवलेला पडून होता. काकूंचा घरून दर दहा मिनिटांनी फोन, शैला, लागला का गं. खात्यानं साहेबांच्या घरी फोन दिलेला होता, त्याच्यासमोर त्या सकाळपासून बसल्या होत्या. साडेतीन वाजता मुंबईच्या ऑपरेटरनं दिल्लीमार्फत निरोप दिला की आफ्रिकेची लाइन आत्ता मोकळी आहे, हवी असेल तर लगेच घ्या, नंतर सोमवारशिवाय मिळणार नाही. मुंबई आता दिल्लीवरूनच गाठता येत होती, आणि इथून दिल्लीपर्यंत माझ्याकडे फक्त ऊपरवाली होती. मी मागे वळून म्हणाले, ‘साहेब, दोनदा वर जाईल.’

ठहरोजी माझ्या खुर्चीमागेच उभे होते. त्यांचं बोट वर गेलं नाही. त्यांनी ताबडतोब उत्तर दिलं. ‘लाव.’ इतक्या वर्षांत न थांबता दिलेलं ते त्यांचं पहिलं उत्तर, आणि माझ्याशी एकेरीत बोलण्याचीही ती पहिलीच वेळ.

मी लावला. आधी घरचा फोन जोडला, मग तिकडचा. एरवी असा कॉल असला की ते स्वतः लाइनीवर येऊन दोन्हीकडच्यांना सांगत, बोला आणि ठहरा. त्या दिवशी ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मायलेकरांचं बोलणं आहे, आपण कान देऊ नये, एवढंच त्यांच्या मनात असणार. दुनियेला थांबायला शिकवणाऱ्या माणसाच्या, बायकोला आज सांगायला हवं, हे ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. यापूर्वीचे त्या दोघांचे सगळे कॉल एकदाच वर जाणारे होते. अर्धा सेकंद काकूंनी कसाबसा निभावला होता.

दोनदा गेलेल्या आवाजाची मला काळजी होती, म्हणून मी स्विच उघडा ठेवला. कसा आहेस, बरा आहे, जेवतोस का, असं थोडं झालं. मधल्या गप्पपणात काकू दोनदा हॅलो हॅलो म्हणाल्या. मग त्यांनी श्वास घेतला. मला तो ऐकू आला. त्यांनी विचारलं, ‘अवि, परत येणार आहेस ना रे?’

आणि लाइनीवर काहीच नव्हतं. मला ठाऊक होतं की प्रश्न अजून वाटेत आहे. मला ठाऊक होतं की आता तो पोचला असेल, आणि आता उत्तर निघालं असेल. माझ्या तोंडाशी एक शब्द आला होता. ठहरा, काकू, एवढाच. ओठांपुढे मायक्रोफोन होता आणि डोळ्यांपुढे लाल शाईतला दुसरा नियम. मी गप्प राहिले.

एक सेकंद असेल, फार तर थोडा वर. काकू म्हणाल्या, ‘राहू दे. कळलं मला.’ त्या बोलत असतानाच माझ्या कानात अविचा आवाज आला, ‘हो, येतो ना आई.’ पण काकूंनी बोलता बोलता रिसीव्हर कानापासून काढला असावा. खट् झालं. आणि त्यांचे ते शब्द तेव्हा कुठे वर चढत होते. ते अविला पोचले ते त्यानं हो म्हटल्यानंतर. म्हणजे मुलगा म्हणाला, येतो आई, आणि त्याच्या कानावर आई म्हणाली, राहू दे, कळलं मला. थोड्या वेळानं तिकडून एकच शब्द आला, ‘बरं.’ तो ऐकायला इंदुरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

मी हेडफोन काढून धावत खिडकीशी गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा लाइन मागितली, ती गेली होती. त्यांनी तार केली. मग सायकल घेऊन घरी गेले. तार पोचली, पण उशिरा; कराराचा कागद फोनच्या वेळीच अविच्या समोर टेबलावर होता. तीन आठवड्यांनी पत्र आलं. आईनं राहू दे म्हटल्यावर माझ्याजवळ दुसरं काय उरलं होतं, मी फोन ठेवला आणि सही केली, असं त्यात होतं. मायलेकरं एकमेकांवर रागावलेली नव्हती. पुढच्या पत्रांतून दोघांना काय घडलं ते समजलंही. पण झालेली सही मोडता येत नव्हती, आणि चार वर्षं ती चार वर्षंच. ती संपता संपता त्याचं तिकडेच लग्न झालं, घर झालं, मुलं झाली. दर दोन वर्षांनी तो महिनाभर येई. काकू त्या खोलीतली गादी तेवढ्यापुरती उन्हात टाकत.

सोमवारी ठहरोजींनी रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं की कॉल दोनदा वर पाठवण्याचा हुकूम माझा होता. वरून मेमो आला, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. माझ्या गप्प राहण्याबद्दल ना त्यांनी विचारलं ना मी काढलं. नियम पाळला म्हणून कुणी कुणाला जाब विचारतं का? पण मला रात्रंदिवस तेच. त्यांनी एक नियम मोडला आणि मी एक पाळला, आणि दोघांनी मिळून काकूंचा मुलगा घालवला, असं मला वाटत राहिलं. आजही वाटतं.

त्यानंतर त्यांचं बोट वर जायचं बंद झालं. आम्हाला ते पहिल्यांदा चहाच्या वेळी लक्षात आलं. कँटीनवाल्यानं विचारलं आणि ते लगेच हो म्हणाले. मग सगळ्यालाच लगेच हो म्हणायला लागले. सुट्टी हवी, हो. ड्युटी बदलायची, हो. एकाच दिवशी तिघींना सुट्टी दिली आणि बोर्ड रिकामा पडला. मुली खुश होत्या. मला ते बघवत नसे. गरम चहाचा कप हातात धरून बसलेला तो माणूस मला दुसराच कुणी वाटायचा. नाव मात्र ठहरोजीच राहिलं, कारण नाव बदलायची तसदी कोण घेतो.

चार वर्षांनी ते निवृत्त झाले. हॉलमध्ये समारंभ झाला, हार, शाल, नारळ, सेव-मिठाईची पाकिटं. काकू पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. ठहरोजी चार वाक्यं बोलले, सगळ्यांचे आभार मानले. काकू समोर बघतच हळू आवाजात म्हणाल्या, ‘आता बोलतायत. जेव्हा बोलायचं तेव्हा तोंड उघडलं नाही.’ मी हसून घेतलं. वाटलं, भाजीच्या वाटीचाच तो जुना राग. नंतरही त्यांच्या घरी गेले की हे वाक्य या ना त्या रूपात कानावर पडायचं, आणि ठहरोजी पेपरात डोकं घालून बसलेले असायचे. मी दर वेळी हसून घेतलं.

पुढे बोर्ड गेला. कॉर्ड गेल्या, आम्हाला निरनिराळ्या टेबलांवर बसवलं, जमिनीखालून आणि समुद्राखालून नव्या तारा आल्या आणि परदेशातला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा लगेच यायला लागला. ठहरोजी गेले तेव्हा मीही निवृत्त झाले होते. अवि आला, त्यानं सगळं रीतसर केलं आणि पंधरा दिवसांनी गेला. त्यानंतर एका दुपारी मी अन्नपूर्णेला काकूंकडे गेले. निवृत्तीनंतर बांधलेलं त्यांचं छोटं घर. काकू पलंगावर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. त्यांनीच चहा केला.

इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, ‘शैला, माणूस वाईट नव्हता. पण एक गोष्ट मी त्यांना माफ नाही केली. त्या दिवशी घरी आले नं, तर म्हणाले, अवि हो म्हणाला, मी खुद लाइनीवर होतो, माझ्या कानानं ऐकलं. मला आधी खरंच वाटेना. पण खुद ऐकलं म्हणाले म्हणून मी मानलं. मग मी विचारलं, ऐकत होतात तर बोलला का नाहीत? एक शब्द, रुक, एवढं तर सांगता येत होतं. त्यावर चुप. तेव्हापासून मी विचारत राहिले आणि ते चुप राहिले. मरेपर्यंत.’

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मला सगळं एकदम दिसलं. दुसऱ्या कुणी ऐकलं म्हटलं असतं तर काकूंचा विश्वास बसला नसता, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. आणि एकदा घेतल्यावर पुढचा प्रश्न आला, तेव्हा त्याचं खरं उत्तर माझं नाव होतं. ते त्यांनी दिलं नाही. मी तेव्हा तिशीही न गाठलेली, त्यांच्याच शिकवणीत तयार झालेली मुलगी. माझं गप्प राहणं ते स्वतःच्या नावावर घेऊन घरी गेले आणि त्या घरात आयुष्यभर राहिले. मी दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जात होते, आणि त्या वाक्याला हसत होते.

खोटं बोलून निघून येता आलं असतं. मी म्हणाले, ‘काकू, लाइनीवर साहेब नव्हते. ते खिडकीपाशी पाठ करून उभे होते. लाइनीवर मी होते. ऐकलं मी, आणि बोलले नाही तीही मी.’

मी उठले नाही, दुसरं काही बोलून वेळ भरून काढला नाही. थांबणं मला शिकवलेलं होतं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. त्यांचा चहा तसाच होता, माझाही.

मग त्या म्हणाल्या, ‘मग इतके बरस मी त्यांना बोलले, त्याचं मी काय करू?’

त्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तर निघालं असेल, पोचायला वेळ लागतो, हे आता त्यांनाही माहीत होतं. त्या थांबल्या. पुष्कळ वेळ थांबल्या. माझ्याकडून काहीच निघालेलं नव्हतं.